गाडी लेट हाय काय?

"गाडी लेट हाय काय, बाय?"

खेडच्या फलाटावर, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं आणि मी म्हटलं, "येस, फॉर्टी मिनिट्स." गोष्ट एवढीच. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाचं काही हरवलं नाही. पण गेला महिनाभर भाजी निवडताना, सिग्नलला थांबलेली असताना, रात्री दूध विरजताना तो 'येस' मधूनच कानात वाजतो. समोरच्या बाईने स्वच्छ कोकणी वळणाच्या मराठीत विचारलं होतं. मी मराठी. स्टेशन खेडचं. समोर ओळीने उभ्या रिक्षांवरच्या पाट्यासुद्धा मराठीत. मग हे 'येस' आलं कुठून?

कुठून आलं ते मला ठाऊक आहे, उगाच आव आणत नाही. डोक्याला घट्ट बांधलेला फिकट निळा स्कार्फ, पायात पांढरेशुभ्र बूट, शेजारी विमानाची चिठ्ठी अजून न फाडलेली चाकांची बॅग, आणि 'ग्रॅनी, ग्रॅनी' करत फोनमध्ये बघणारी वीसेक वर्षांची नात. कानांवर शब्द पडण्याआधीच डोळ्यांनी निकाल देऊन टाकला होता की ही बाई मराठी बोलणार नाही. बॅग विमानातली नसती तर मी बहुतेक हिंदीत उत्तर दिलं असतं. तेही काही फार बरं झालं नसतं. बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या आणि त्यांनी मुकाट्याने भाषा बदलली. पुढची चाळीस मिनिटं (शेवटी पासष्ट झाली) आम्ही इंग्रजीत बोललो. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी सराईत, पण स्वर आपल्याकडच्या कुठल्याच इंग्रजीसारखे नव्हते. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की अर्धी वाक्यं पुन्हा विचारावी लागत होती.

त्या केपटाऊनच्या. आजोबांचं गाव बघायला आल्या होत्या, बघून परत निघाल्या होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातून केपला गेलेल्या कोकणी मुसलमानांबद्दल मी अगदी वरवर ऐकून होते. माझ्या आजोळी 'केपवाल्यांचं घर' म्हणून एक बंद दुमजली घर होतं, त्याच्या माडीवर रंगीत काचा होत्या, आणि आम्ही पोरं त्या काचांमधून उन्हाचे तुकडे पडतात का ते बघायला फटीतून डोकावायचो. केप म्हणजे काय हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दुबई, कुवेत तसं केप.

नातीने फोन पुढे केला. गावातल्या कुणाच्या तरी ट्रंकेत सापडलेल्या कागदाचा फोटो होता. पिवळा पडलेला, चार घड्यांवर विरलेला कागद. वरच्या कोपऱ्यात चिकटवलेलं एका तरुणाचं छायाचित्र, डोक्यावर तुर्की टोपी, मिशी नुकती फुटलेली, नजर कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे, कुणीतरी तिथून दटावत असावं तशी. खाली शाईने उठवलेला अंगठा, इतका दाबून की रेषांचा चिखल झालेला. आणि साल १९१३. हा केप सोडून तात्पुरतं गावी जायचा परवाना होता. ठरलेल्या मुदतीत परत आलं नाही तर पुन्हा पाऊल ठेवायचा हक्क संपला. "माय ग्रँडफादर," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःशीच, हळू, "माजो आजो."

आजोबा त्या परवान्यावर गावी आले, निकाह लावला, मुदत संपायच्या आत परत गेले. बायको कधीच केपला गेली नाही. नवरा आयुष्यात चारदा आला, तेवढाच तिने पाहिला. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला मात्र तो पुढच्या एका खेपेत घेऊन गेला. तो मुलगा म्हणजे या बाईंचे वडील. बाईंनी आजीला पाहिलेलं नाही. त्यांना ठाऊक असलेली कोकणी बोली वडिलांच्या तोंडची, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या पोराने बोटीतून सोबत नेलेली.

पुण्याला परतल्यावर मी १९१३ च्या मागे लागले. मला एखादी गोष्ट खटकली की मी तिच्या आजूबाजूचं वाचत सुटते. त्याने खटकणं कमी होत नाही, फक्त पसरतं. दक्षिण आफ्रिका तेव्हा तीन वर्षांचा देश होता. १९१० च्या मे महिन्यात केप, नाताळ, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट अशा चार वसाहती जोडून एकच राज्य केलेलं. प्रिटोरियात सरकारी कचेऱ्यांची अवाढव्य इमारत १९१३ मध्येच पुरी झाली. तिला दोन सारखे पंख आहेत, एक इंग्रजांचा आणि एक बोअरांचा (तिथे स्थायिक झालेल्या डच वंशाच्या गोऱ्यांचा), दहा वर्षांपूर्वी एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोघांच्या समेटाची खूण. वास्तुविशारद हर्बर्ट बेकर. दिल्लीचे नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक पुढे त्याच माणसाने बांधले. देशातले दोन तृतीयांश लोक आफ्रिकी, पण तिसरा पंख काढायचं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

आणि या सगळ्यात मला अवचित मराठी सापडली.

१९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले केपटाऊनला उतरले आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत त्या देशात फिरले. सोबत सतत गांधी. या दौऱ्यातली उपरण्याची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असते: न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेलं, जिवापाड जपलेलं उपरणं चुरगळलेलं, जोहान्सबर्गची मेजवानी तोंडावर आलेली, आणि बॅरिस्टर गांधी म्हणतात, द्या इकडे, मी इस्त्री करतो. गोखल्यांना त्यांच्या वकिलीची खात्री होती, इस्त्रीची नव्हती. मला मात्र दुसरी गोष्ट जास्त आवडते. तिथल्या हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांच्या सभांत गोखल्यांनी इंग्रजीत बोलू नये, असा गांधींचा हट्ट. मग कशात? तर मराठीत. समोर कोकणी मुसलमान आहेत, थोडे महाराष्ट्रातले हिंदू आहेत, त्यांना बरं वाटेल. बाकीच्यांसाठी मी हिंदुस्तानीत भाषांतर करतो. गोखले खो खो हसले. तुमचं हिंदुस्तानी कसं आहे ते मी पाहिलंच आहे, आता मराठी कुठे शिकलात ते सांगा, असा त्यांचा सवाल. गांधींनी कबूल केलं की मराठीचा एक शब्द बोलता येत नाही, पण विषय माझ्या ओळखीचा आहे, मतितार्थ निसटणार नाही. गोखल्यांनी हात टेकले. तिथून थेट झांझिबारपर्यंत अशा सभांत ते मराठीत बोलले आणि मराठी न येणारा माणूस त्यांचं भाषांतर करत गेला.

हे वाचून मी खुर्चीत मागे रेलले. एक माणूस मराठीचा शब्द येत नसताना समोरच्या कोकणी माणसांसाठी मराठी मागतो. आणि मला मराठीशिवाय धड काही येत नाही, तर मी खेडच्या फलाटावर इंग्रजी काढते. बाईंचे आजोबा त्या वेळी केपमध्ये होते, म्हणजे गोखल्यांना ऐकायला गेलेही असतील. मी उगाच त्यांना तिथे गर्दीत उभं करते, टोपी काढून हातात घेतलेली. अकरा महिने भाड्याच्या खोलीत माळ्यावर झोपून, कुणाच्या तरी दुकानात राबून, परक्या भाषेत 'येस सर' म्हणून झाल्यावर अचानक व्यासपीठावरून एका पुणेरी कोटवाल्याच्या तोंडून आपली भाषा. पुणेरी असली म्हणून काय झालं.

गोखले मात्र फसले. प्रिटोरियात बोथा, स्मट्स वगैरे मंत्र्यांना भेटून आल्यावर ते गांधींना म्हणाले की वर्षभरात तुम्ही हिंदुस्थानात परत या, सगळं मिटलं आहे, तीन पौंडांचा करही जाणार. गांधींनी तिथेच शंका काढली. तुम्ही या मंत्र्यांना माझ्याइतके ओळखत नाही. राबायचा करार संपल्यावर मायदेशी न जाता नाताळमध्ये राहणाऱ्या हिंदी मजुराला वर्षाला माणशी तीन पौंड, म्हणजे साठ शिलिंग भरावे लागत. महिना बारा-चौदा शिलिंग कमावणाऱ्याला हे जवळजवळ पाच महिन्यांचे पैसे, आणि तेही एकट्याचे. बायकोचा कर वेगळा. पुढच्या वर्षी स्मट्सनी संसदेत सांगितलं की नाताळचे गोरे तयार नाहीत, कर राहील. दिलेला शब्द गेला. मग १९१३ सुरू झालं, म्हणजे कॅलेंडरावरचं नव्हे, खरं.

१४ मार्चला केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ख्रिस्ती विधीने आणि नोंदणीने झालेलं नाही असं लग्न इथे लग्न धरता येणार नाही. अमुक कलम, तमुक कलम. त्यातून निघालं असं की हिंदूंची, मुसलमानांची, पारशांची लग्नं कागदावर विरघळली. बोटीतून उतरणारी बायको बायको राहिली नाही, मुलं वारस राहिली नाहीत. खेडच्या बाईंच्या आजोबांचा निकाह नेमका त्याच वर्षीचा. हे मी शोधून काढलं तेव्हा मला चक्क त्यांना फोन करावासा वाटला, पण नंबर घेतलेला नव्हता. आजीला केपला न नेण्यामागे हेच कारण होतं का? कदाचित नसेलही. कोकणात बायका तशाही मागेच राहत, शेती कोण बघणार, सासूला कोण बघणार. नवऱ्याने चार खेपांत आणलेलं सुरती लुगडं, अत्तराची कुपी, घड्याळ यांवर एक आख्खा संसार पार पडतो. तरी जिला कायद्यानेच बायको मानलेलं नाही आणि जिला नुसतीच नेली नाही, या दोघींच्या वाट पाहण्यात फरक काय, ते मला सांगता येईना.

त्या निकालाने बायका उठल्या. सप्टेंबरात कस्तुरबा गांधींच्या फिनिक्स आश्रमातून निघालेल्या सोळा जणांच्या पहिल्या सत्याग्रही तुकडीत होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली, तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली, मारित्झबर्गचा तुरुंग. गांधींच्याच टॉलस्टॉय फार्मवरच्या तमिळ बायका न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींवर गेल्या, मजुरांशी त्यांच्या भाषेत बोलल्या आणि खाणी थांबल्या. हे वाक्य मी फारच झटकन लिहिलं. काही बायका कडेवर पोरं घेऊन गेल्या होत्या.

आणि ६ नोव्हेंबरला चार्ल्सटाउनहून या संपवाल्यांचा मोर्चा ट्रान्सवालच्या हद्दीकडे निघाला. २,०३७ पुरुष, १२७ बायका, ५७ मुलं. रोजचा शिधा माणशी दीड पौंड पाव आणि एक औंस साखर. आकडे वाचून मला कधी काही होत नाही, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दीड पौंड म्हणजे सहाशे ऐंशी ग्रॅम. कोपऱ्यावरच्या दुकानातून चारशे ग्रॅमचे दोन पुडे आणले, एकातल्या चार-पाच स्लाइस काढून ठेवल्या, बाकीचं एकावर एक रचलं. ओट्यावर वीतभर उंचीची दोन बुटकी खोडं उभी राहिली. एक औंस साखर म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. ती वाटीत ओतली तर तळ जेमतेम झाकला. कोरडा पाव मी खाऊन बघितला. तिसऱ्या स्लाइसला तोंडात चिकट लगदा झाला आणि पाणी प्यायले. ते लोक हे खाऊन दिवसाला वीस-पंचवीस मैल चालणार होते. पाव पुरवायचं काम फोक्सरस्टच्या एका गोऱ्या बेकरीवाल्याने अंगावर घेतलं होतं आणि अडचणीचा फायदा घेऊन भाव वाढवला नाही, याची गांधींनी आवर्जून नोंद केली आहे. वाटेत दोन तान्ही मुलं गेली. एक उघड्यावरच्या थंडीवाऱ्याने, एक ओढा ओलांडताना आईच्या हातून निसटून. मुलगा स्वयंपाकघरात आला, ओट्यावरचे पाव बघून म्हणाला, कोण येणार आहे जेवायला?

मोर्चा अडवून सगळ्यांना गाडीत घालून परत नेलं. गांधींना चार दिवसांत तीनदा पकडलं आणि शेवटी ब्लूमफाँटेनच्या तुरुंगात टाकलं. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये हिंदी माणसाला राहायचीच बंदी. हॉटेलांतले थोडे वाढपी सोडले तर गावात आपलं कुणी नाही. तुरुंगातही हिंदी कैदी ते एकटेच. सरकारला त्यांना तोडायचं होतं. त्यांना मात्र आनंद झाला, कारण कितीतरी वर्षांनी निवांत वाचायला वेळ मिळणार होता. मला हा भाग वाचून हसूच आलं.

पण या ब्लूमफाँटेनने मला पुढे नीट हसू दिलं नाही. कारण १६ डिसेंबरला, गांधींच्या सुटकेला दोन दिवस उरले असताना, त्याच गावात एका प्रचंड स्तंभाचं अनावरण झालं. शंभर फुटांहून उंच. बोअर युद्धात इंग्रजांनी उभारलेल्या छावण्यांत उपासमारीने, गोवराने, हगवणीने मेलेल्या सव्वीस हजारांहून अधिक बोअर बायका-मुलांची आठवण. या छावण्या जगासमोर आणणाऱ्या इंग्रज बाई एमिली हॉबहाउस मुद्दाम आल्या, पण तब्येत ढासळली आणि वाटेत बोफर्ट वेस्टलाच थांबावं लागलं. त्यांचं भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. हजारो बोअर बायका काळ्या कपड्यांत आल्या असतील, आपापली मुलं आठवत. ते दुःख खोटं नव्हतं. त्याच युद्धात आफ्रिकी लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तिथे निदान चौदा हजार माणसं मेली. स्तंभावर त्यांचं काही नाही.

आणि त्याच गावात, त्याच वर्षाच्या मध्यावर, वस्तीतल्या आफ्रिकी बायकांनी परवाने फाडले होते. फ्री स्टेटमध्ये काळ्या बाईलाही जवळ परवाना बाळगावा लागे, महिन्याच्या महिन्याला पैसे भरून. रस्त्यात शिपायाने थांबवलं आणि कागद नसला तर कोठडी. त्यांनी आधी अर्ज केले, सह्या गोळा केल्या, शिष्टमंडळ नेलं. काही झालं नाही तेव्हा कागद फाडून टाकले आणि दंड न भरता सक्तमजुरीवर गेल्या. गांधींच्या माणसांनी हद्द ओलांडली त्याच्या काही महिने आधी. गावाचं नाव एक, साल एक, मागणं जवळजवळ एक. मला वाटत होतं की कुठेतरी एखादं वाक्य सापडेल, स्तंभाखाली उभ्या राहिलेल्या एखाद्या बोअर आईचं परवाना फाडणाऱ्या धुणेवालीबद्दल, किंवा आपल्या मोर्चातल्या कुणाचं. मी बरंच वाचलं. वाक्य सापडलं नाही. गांधींचा लढा तेव्हा हिंदी लोकांपुरता होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

जुलैमध्ये सोन्याच्या खाणींवरच्या गोऱ्या कामगारांनी संप केला, जोहान्सबर्गच्या रस्त्यांत सैन्याने गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त माणसं पडली. मग बोथा आणि स्मट्स स्वतः हॉटेलात बसून संपवाल्यांशी बोलले. ते गोरे होते.

त्याआधी, १९ जूनला, जमिनीचा कायदा लागू झाला होता. देशातली जेमतेम सात टक्के जमीन आफ्रिकी लोकांच्या वाट्याला, बाकी कुठेही त्यांनी विकत घ्यायची नाही, खंडाने करायची नाही. अर्धेलीने गोऱ्याच्या शेतावर राबणारी कुटुंबं एका रात्रीत उपरी झाली. बैल मालकाला देऊन गडी म्हणून राहा नाहीतर चालू लागा. थंडीचे दिवस, तिकडचा जुलै. सोल प्लाटये नावाचा पत्रकार सायकल घेऊन त्या रस्त्यांवर फिरला. त्याने टिपलेलं एक कुटुंब मला झोपू देत नाही. शेळ्यामेंढ्या हाकत निघालेले, वाटेत मूल दगावलं, आणि ज्यांना उभं राहायला जमीन नाही त्यांनी पुरायचं कुठे? रात्र पडायची वाट बघून रस्त्याच्या कडेला, कुणा मालकाने पाहू नये म्हणून घाईघाईत, चोरून खड्डा खणला.

एका वर्षात रस्त्यावर गेलेली इतकी मुलं. एक ओढ्यात, एक थंडीत, एक चोरून पुरलेलं, आणि दहा वर्षांपूर्वीची हजारो, ज्यांना शंभर फुटी स्तंभ मिळाला. मी या आयांना मनातल्या मनात एका बाकावर बसवून पाहिलं, त्या खेडच्या बाकावर. मला त्यांना बोलतं करता आलं नाही. कुणाला कुणाची भाषा येत नाही हे तर झालंच, पण येत असती तरी प्रत्येकीने दुसरीचे कपडे बघून आधीच ठरवलं असतं की कशात बोलायचं, किंवा बोलायचंच नाही.

फलाटावर परत येते. पाऊस थोडा ओसरला, भजीवाला दोनदा आला. बाईंनी एक पुडी घेतली, नातीला "तिखट नाय, खा" म्हणाल्या आणि माझ्यापुढे धरताना मात्र "प्लीज, टेक." मी घेतली. तेव्हा तरी मराठीत दोन शब्द बोलायचे होते, अगदी ओठांवर आले होते, पण आता मध्येच बदललं तर विचित्र दिसेल असं वाटलं. एकदा चुकीच्या दाराने शिरल्यावर माणूस तसाच आत बसून राहतो. मी विचारलं, इंग्रजीतच, की गावात कुणी भेटलं का. त्या म्हणाल्या, घर आहे, कौलं गेली आहेत, शेजारच्या म्हातारीने माझी बोली ऐकून विचारलं, तू कुठच्या वाडीतली. हे सांगताना त्यांचा चेहरा जो काय उजळला! केपटाऊनची बाई, आणि तिला वाडी विचारली गेली.

गाडी आली. दोन मिनिटं थांबणार, डबा पुढे लागलेला, आम्ही तिघी पळालो. मी त्यांची बॅग उचलून दारात टाकली, नातीने हात देऊन आजीला वर घेतलं. माझा डबा आणखी पुढे होता. गाडी हलायच्या आत मी पळत वळले आणि सवयीने हात हलवून ओरडले, "बाय!"

त्यांनी दांडीला धरून बाहेर डोकं काढलं. "व्हय गो बाय," त्या म्हणाल्या, "सांभालून जा."